मोदकपात्राची जाळी

उकाड्याचा त्रास फक्त माणसालाच होतो, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती पहिल्यांदा दूर झाली माझ्या सतराव्या वर्षी, गणपतीपुळ्याच्या आमच्या घरात. गेल्या मे महिन्यात त्याच घरी पुन्हा जाण्याचा योग आला आणि पाहतो तो काय, पुतण्याने इंटरनेटच्या राउटरला ओला पंचा गुंडाळून ठेवलेला!

"हे काय रे?" मी विचारले.

"तापतो हो काका. दुपारी दोन वाजले की बंद पडतो आणि पाहुणे ओरडायला लागतात. काल बर्फाची पिशवी ठेवली होती."

आमच्या घराचे आता निवास झाले आहे. चार खोल्या पाहुण्यांना देतात. पूर्वी पुळ्याला येणारा माणूस दर्शन घेई, डोंगराला प्रदक्षिणा घाली, समुद्रात पाय बुडवी आणि परत जाई. आता तो हे सगळे करतोच, पण ते केल्याचे चारचौघांना तत्क्षणी कळवल्यावाचून त्याला चैन पडत नाही. त्यामुळे राउटर बंद पडणे ही घरातली मोठी आपत्ती होऊन बसली आहे.

मी आधी तो पंचा काढला. ओल्या फडक्याने गारवा येतो हे खरेच. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. पाणी उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. परंतु माठात वीज खेळत नसते! बर्फ तर त्याहून वाईट. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसा राउटरला आतून येतो. इथली हवा दमट आणि खारी. खाऱ्या ओलीतून वीज भलत्याच वाटेने जाते आणि तांब्याच्या बारीक रेघांवर हिरवी पुटे चढतात.

"मग करायचं काय?" पुतण्या म्हणाला.

मी काहीच बोललो नाही. शिडी लावली, माळ्यावर चढलो आणि पत्र्याची एक काळी पेटी खाली आणली. पेटीच्या पाठीला ॲल्युमिनियमची एक गोल जाळी उभी बसवलेली होती. जाळीवर पंख्यासारखी वाकवलेली पाती होती आणि मधोमध बुटाच्या टाचेएवढी धातूची एक वस्तू.

ओटीवर झोपाळ्यावर दादा बसला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, या पुतण्याचा बाप. पेटी पाहून तो म्हणाला, "ही जाळी... ही आईच्या मोदकपात्राची ना?"

"हो," मी म्हणालो.

"ते तर मोडीत घातलं होतं!"

पंचेचाळीस वर्षांवर जपलेली गोष्ट सांगावी की न सांगावी, असा प्रश्न मला त्या क्षणी पडला. पण ज्यांना वचन दिले होते ते आता नाहीत आणि ज्याच्यापासून लपवायचे होते त्याचेही केस पांढरे झाले आहेत. तेव्हा सांगितली. वाचकांनाही सांगतो.

१९७८ सालच्या अखेरीस दादा आखातात नोकरीला गेला. त्या वर्षांत आमच्या रत्नागिरीकडची पुष्कळ मुले तिकडे गेली. काकांना ते पसंत नव्हते. घरची कलमे, नारळाची बाग, हे सगळे सोडून वाळवंटात जायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. शब्दाने शब्द वाढला आणि दादा पहाटेच्या एस्टीने, काकांच्या पाया न पडताच निघून गेला. नंतर त्याची पत्रे येत, पण ती काकूच्या नावाने. काका ती वाचत नसत. निदान आमच्या देखत तरी वाचत नसत.

शिमग्याच्या सुमारास गावी येणाऱ्या एका सोबत्याबरोबर दादाने एक जपानी टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट पाठवली. आखातातली मुले तेव्हा पत्रांऐवजी अशा बोललेल्या कॅसेट धाडीत. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास, आणि दादाने ती बाजू जवळजवळ भरून काढली होती. ती खास काकांसाठी होती.

काका म्हणाले, "मला ऐकायचं नाही."

मे महिन्याच्या सुटीत मी मुंबईहून गेलो तोवर ती कॅसेट तशीच देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात पडून होती. काकांचा राग अजून गेला नाही, असेच सारे घर समजत होते. पण दोन दिवसांत माझ्या ध्यानात निराळेच आले. काकांना ऐकू येत नव्हते! मागून हाक मारली तर ते वळत नसत. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ते अंदाजाने उत्तरे देत आणि अंदाज चुकला की रागावत. त्या रागाचा दरारा एवढा, की बहिरेपण कोणाच्या लक्षातच येऊ नये. टेपरेकॉर्डरच्या चिमुकल्या कर्ण्याला कान लावून बसणे त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हते आणि आवाज पुरा वाढवला की त्या कर्ण्यातून नुसती खरखर येई.

काकूने मात्र घर निजल्यावर कॅसेट पुरी ऐकली होती. मी तिला म्हटले, "तूच सांग की त्यांना दादा काय म्हणतो ते."

ती म्हणाली, "मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल. त्याचं त्यानंच सांगायला हवं. आणि ओरडून सांगण्यासारखं नाही रे ते."

मला त्या काळी रेडिओचे वेड होते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे भाग आणायचे आणि मासिकातल्या आकृत्या पाहून डाग द्यायचे, हाच माझा उद्योग. सुटीत करमणूक म्हणून मी दोन ट्रान्झिस्टर आणि एक मोठा स्पीकर बरोबर आणलाच होता. म्हटले, आपण काकांसाठी अॅम्प्लिफायर करू. ऐकायला चला म्हटले असते तर ते आले नसते. म्हणून "माझा प्रयोग पाहायला या" म्हटले. प्रयोग पाहायला यायला त्यांची हरकत नव्हती.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला आणि त्यासाठी बार्डीन, ब्रॅटन व शॉकली या तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण हे बाळ फार उष्ण प्रकृतीचे, हे कोणी सांगत नाही. पहिले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. त्यांतून विजेची थोडी गळती होई आणि दर आठ-दहा अंश तापमान वाढले की ती गळती दुप्पट. गळती वाढली की ताप वाढणार, ताप वाढला की गळती वाढणार! दोन तापट माणसांचे भांडण जसे वाढत जाते, तसाच प्रकार. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले, ते पुष्कळ सोशीक. माझ्याकडचा '२ एन ३०५५' हा त्यांतलाच. पोटात २०० अंशांपर्यंत तग धरणारा. पण सोशिकांनाही सीमा असतेच. माझे सर्किट सर्वांत साधे, म्हणजेच सर्वांत उधळे होते. आवाज असो वा नसो, १२ व्होल्टांवर ते एक अँपिअर प्रवाह ओढतच राही. म्हणजे १२ वॉट उष्णता सतत निर्माण होणार, आणि तीही एका नखाएवढ्या जागेत.

पहिल्या दिवशी मी ट्रान्झिस्टर नुसत्या पत्र्याच्या पट्टीवर बसवला. दादाचा आवाज घुमला, "बाबा, साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे..." काकांनी मान वर केली. तेवढ्यात आवाज घोगरा झाला, जळका वास आला आणि सारे शांत झाले. एक ट्रान्झिस्टर कामास आला. उरला एक. तो गेला तर दुसरा मुंबईशिवाय मिळणे नव्हते आणि मुंबई एस्टीने रात्रभराच्या वाटेवर होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून स्टीलची एक छानदार ताटली उचलली आणि तिच्यावर तो बसवला. या खेपेस दादा सात मिनिटे बोलला. प्रवास कसा झाला, हवा कशी आहे, जेवायला काय मिळते. मग आवाज फाटू लागला आणि मी घाईघाईने बटण बंद केले. तिसऱ्या दिवशी ताटलीला झावळीच्या पंख्याने वारा घालीत बसलो. अकरा मिनिटे झाली. खोलीत सातजण निजतात, रात्री गच्चीवर ओले पंचे पांघरून पडतो, इथवर आले आणि पुन्हा तेच.

काका दर वेळी उठत आणि "हं" म्हणून बागेत जात. पण दर दिवशी चार वाजता, न बोलावता, ते खुर्चीवर येऊन बसलेले असत.

त्या तिसऱ्या संध्याकाळी काकू माझ्याजवळ आली. तिने ताटलीच्या मध्यावर बोट लावले आणि चटकन मागे घेतले. मग कडेला बोट लावले.

"कड गार आहे रे," ती म्हणाली. "ऊब पोचतच नाहीये."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीन दिवस मी आकडेमोड करत होतो आणि रोग तिने एका बोटाने ओळखला!

"स्टीलच्या डावाचा दांडा आमटीत ठेवला तरी हाताला धरवतो," ती पुढे म्हणाली. "ॲल्युमिनियमचा पोळतो. तुला पोळणारं भांडं हवंय."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पुढे पुस्तकात पाहिले, तर स्टेनलेस स्टीलमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या साधारण पंधराव्या हिश्शाने वाहते. तांब्यातून ॲल्युमिनियमच्या पावणेदोन पट वाहते, पण तांब्याची भांडी देवघरातली. त्यांना हात लावण्याची माझी छाती नव्हती.

काकू आत गेली आणि तिचे मोदकपात्र घेऊन आली. नेवऱ्याच्या माहेराहून आलेले, चांगल्या जाड ॲल्युमिनियमचे. आत दोन जाळ्या. त्या तिने माझ्यापुढे ठेवल्या.

"अगं, आणि चतुर्थीला?"

"चतुर्थीला बघू," ती म्हणाली. "चहा निवायला आपण बशीत ओततो ना? तसं काहीतरी कर."

बशीचे तत्त्व म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढवणे. एक जाळी कापून तिच्या पट्ट्या करायच्या, त्या काटकोनात वाकवून दुसऱ्या जाळीवर पात्यांसारख्या जोडायच्या, असे मी ठरवले. पण कापायचे कशाने? विळीने पत्रा कापायच्या खटपटीत मी असताना कोणीतरी मागून येऊन माझ्या शेजारी पत्रा कापायची कात्री ठेवली. वळून पाहिले तो काका बागेकडे निघालेले. मी त्यांच्याकडे कात्री मागितली नव्हती. त्यांच्या हत्यारांना हात लावायची घरात कोणाला परवानगीही नव्हती.

मग दोन दिवस नुसता उद्योग. जाळीला भोके आयतीच होती, पण ट्रान्झिस्टरला लागतात ती चार भोके नेमकी त्यांत बसेनात. ती पाडावीच लागली. ट्रान्झिस्टरचे कवच विजेला जोडलेले असते. ते जाळीला थेट टेकले, की जाळीतून पेटीत आणि पेटीतून भलतीकडे वीज जायची. म्हणून मधे अभ्रकाचा पातळ पापुद्रा हवा. तो एका मोडक्या इस्त्रीच्या पोटात मिळाला. पण दोन पृष्ठभाग कितीही घट्ट आवळले तरी मधे सूक्ष्म फटी राहतात, त्यांत हवा राहते आणि हवा ही उष्णतेची मोठी वैरीण. यासाठी खास मलम मिळते. माझ्याजवळ ते नव्हते. सायकलच्या दुकानातून बोटभर ग्रीस आणून अभ्रकाच्या दोन्ही अंगांना अगदी पातळ चोपडले. ग्रीससुद्धा काही मोठे वाहक नव्हे, पण हवेच्या मानाने कितीतरी बरे. जाळीचा मध्य पाट्यावर पॉलिशपेपर ठेवून घासघासून सपाट केला. शेवटी काकूने दिव्याच्या ज्योतीवर पाती धरून त्यांना काजळी दिली. चकचकीत भांड्यापेक्षा काळे भांडे उष्णता लवकर बाहेर टाकते, तेवढीच मदत.

जाळी आडवी न ठेवता उभी बसवली. तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते; पाती उभी असली की तिला वाट मोकळी. दुपारी समुद्रावरून पुळ्याला जो खारा वारा येतो, तोही असाच. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्राची गार हवा आत शिरते. डोंगर आणि समुद्र मिळून रोज जे करतात, तेच मी मोदकपात्राच्या जाळीकडून करवून घेत होतो.

त्या उद्योगात मला एक गोष्ट कायमची कळली. उष्णता कोणाला नाहीशी करता येत नाही. बारा वॉट निर्माण झाले की ते बारा वॉट कुठेतरी जाणारच. आपण फक्त त्यांना वाट करून द्यायची. ट्रान्झिस्टरकडून अभ्रकाकडे, अभ्रकाकडून जाळीकडे, जाळीकडून हवेकडे. या वाटेत एकच उंबरा उंच राहिला, तरी मागचे सगळे तुंबते आणि आत जळते.

सहाव्या दिवशी चार वाजता काका येऊन बसले. मी कॅसेट लावली. सात मिनिटे झाली. अकरा झाली. मी जाळीवर हात ठेवला. गरम होती, पण हात ठेवता येत होता, आणि कड मध्याइतकीच गरम होती! काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पंधरा मिनिटे, वीस मिनिटे. दादा कामाबद्दल बोलत होता, पगाराबद्दल बोलत होता, कलमांना मोहर कसा आला म्हणून विचारत होता. पंचविसाव्या मिनिटाला त्याचा आवाज बदलला.

"बाबा, मी जाताना तुमच्या पाया पडलो नाही. ते राहून गेलं. एस्टी नेवऱ्याच्या पुढे गेली तेव्हा उतरावं असं वाटलं होतं. उतरलो नाही. तेवढं मनात आहे."

स्पीकर मोठा होता. त्याचा आवाज ओटी ओलांडून अंगणापर्यंत जात होता. काका ताठ बसले होते. थोड्या वेळाने ते माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"आवाज कमी कर जरा. साऱ्या गावाला ऐकवायचं आहे का?"

मी आवाज कमी केला. त्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हते, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. कॅसेट संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग पायांत वहाणा घालून बाहेर पडले. मी गडग्यापाशी जाऊन पाहिले, तर देवळाच्या बाजूने प्रदक्षिणेच्या वाटेला लागलेले. आमच्या गावात डोंगरच देव. प्रदक्षिणा घालायची ती डोंगराला, चांगली मैलाच्या आतबाहेर. परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती.

"या यंत्रात बोलता येतं का रे?" त्यांनी विचारले.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर काकांनी आपले उत्तर भरले. सुरुवात अशी, "चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पावले." पत्राचा मायना सोडून बोलता येते, हे त्यांना माहीतच नव्हते. मग पाच मिनिटे आंब्याचे भाव आणि शेवटी, "पाया पडायचे राहिले असे तू म्हणतोस. रजेवर येशील तेव्हा पड. मी इथेच आहे."

कॅसेट गुंडाळताना ते मला म्हणाले, "मला ऐकू येत नव्हतं हे त्याला कळवायचं नाही. तो काळजी करत बसेल." मी वचन दिले.

त्या चतुर्थीला काकूने मोदक पातेल्यावर चाळण ठेवून, फडके बांधून उकडले. पुढे दादा रजेवर आला आणि त्याने मोदकपात्र कुठे म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "झिजलं होतं. मोडीत घातलं."

ही हकीकत सांगून झाली तेव्हा ओटीवर उन्हे उतरली होती. दादा बराच वेळ झोपाळ्याची कडी धरून बसला होता. मग म्हणाला, "मी शिमग्याला कॅसेट पाठवली. उत्तर आलं जूनमध्ये. मला वाटलं, बाबांनी मुद्दाम वाट पाहायला लावली. इतकी वर्षं तेच वाटत होतं."

काय बोलावे ते मला सुचेना. मी पुतण्याकडे वळलो आणि दोघांनी मिळून राउटरचे काम काढले. तो कौलांलगत, डिशच्या डब्यावर निजवून ठेवलेला होता, म्हणजे खालूनही ताप आणि वरूनही. त्याची झरोक्याची भोके धुळीने बुजली होती. ती ब्रशने साफ केली, राउटर खाली उत्तरेच्या भिंतीवर उभा टांगला. निम्मे दुखणे तिथेच गेले. मग झाकण उघडून, उष्णता वाहणाऱ्या चिकट पट्टीने मधल्या चिपवर ॲल्युमिनियमचा नाण्याएवढा पातेदार तुकडा बसवला. पुतण्याचा लॅपटॉप मात्र या बाबतीत आमच्यापेक्षा हुशार निघाला. त्याच्या पोटात तांब्याची चपटी बंद नळी असते आणि तिच्यात थोडेसे पाणी. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, गार टोकाला जाऊन ती थिजते आणि पाणी आपोआप परत येते. १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी आजच्या रूपात सिद्ध केली. मी पुतण्याला म्हटले, "खालून वाफ, वर झाकणाला थेंब, थेंब पुन्हा खाली. हे तर चपटं मोदकपात्रच!" तो हसला. दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले, तीन वाजले; पाहुण्यांपैकी कोणी ओरडले नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दादा ओटीवर ती काळी पेटी मांडीवर घेऊन बसला होता. जाळीच्या पात्यांवरून त्याचे बोट फिरत होते. हल्ली त्यालाही अंमळ कमीच ऐकू येते. घराण्याची देणगी आहे.

"कात्री कोणी दिली म्हणालास?" त्याने विचारले.

"काकांनी."

"मागितलीस म्हणून?"

"नाही. स्वतःहून आणून ठेवली."

त्याने कानामागे हात धरला. "काय? मोठ्यानं सांग."

पहिल्या वेळीच त्याला ऐकू गेले होते, हे मला दिसत होते. तरी मी पुन्हा, मोठ्याने सांगितले.